गिऱ्हाईक वारल्यावर चित्र कोणाचे?

चेन्नईला गिंडीत, जीएसटी रोडवर, बौद्धिक संपदा कार्यालयाची इमारत आहे. पुणेरी पगडीला २००९ साली आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते इथून, कारण हे काम करणारे निबंधक कार्यालय देशात एकच आणि ते गिंडीत. पेटंटवाले इथे येतात, ट्रेडमार्कवालेही येतात. पण पगडी घातलेल्या एखाद्या आजोबांनी पैसे मोजून स्वतःचे तैलचित्र काढून घेतले, पुढे आजोबा वारले, आणि त्या चित्राच्या प्रती छापण्याचा हक्क आता कोणाचा असा प्रश्न घेऊन तुम्ही इथे गेलात, तर हात हलवत परत याल. कॉपीराइटचे दप्तर दिल्लीला. २०१७ मध्ये कॉपीराइट मंडळ ज्या अपील मंडळात विलीन झाले त्याचे मुख्यालय चेन्नईतच, तेनामपेटला होते. तेही २०२१ मध्ये गुंडाळले गेले. शिवाय कॉपीराइटला नोंदणी लागतच नाही. चित्र तयार झाले की हक्क जन्माला येतो. तो कोणाच्या घरी जन्माला येतो, एवढाच काय तो वाद.

या वादाचे बरेच धागे गिंडीच्या आसपास सापडतात. तिथले इंजिनिअरिंग कॉलेज १९२० मध्ये सध्याच्या जागी आले, पण त्याचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीने १७९४ मध्ये मद्रासला काढलेल्या भूमापन शाळेत आहे. त्याच मोजणीच्या जगात कॉलिन मॅकेंझी नावाचा स्कॉटिश अधिकारी होता. तो १७८३ मध्ये मद्रासला उतरला, टिपू पडल्यावर म्हैसूरची मोजणी केली, १८१० मध्ये मद्रासचा आणि १८१५ मध्ये साऱ्या हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल झाला. जमीन मोजता मोजता त्याने हस्तलिखिते, शिलालेखांच्या नकला, गावोगावच्या कैफियती, नाणी, चित्रे यांचा डोंगर जमवला. त्यात मराठी कागदही आहेत. हे सगळे काही त्याने एकट्याने केले नाही. कावली घराण्यातले बोरय्या, लक्ष्मय्या आणि रामस्वामी हे तेलुगू भाऊ, आणि त्यांच्या हाताखाली गावोगाव फिरणारे कारकून, शास्त्री, नकलनवीस. लिहायचे यांनी, पगार द्यायचा मॅकेंझीने. बोरय्याने भाषांतरित केलेली जैनांची माहिती ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आली, तिथे त्याचे नाव आहे, पण काम मॅकेंझीसाठी केल्याची नोंदही सोबत आहे. तोवर बोरय्या जाऊन काही वर्षे झाली होती.

१८१६ मध्ये मद्रासला टॉमस हिकी या चित्रकाराने मॅकेंझीचे तैलचित्र काढले. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मधोमध लाल कोटातला कर्नल, भोवती तीन हिंदी माणसे. एकाच्या हातात दुर्बीण, दुसऱ्याकडे ताडपत्रे, आणि मागे दूर टेकडीवर बाहुबलीची उंच मूर्ती. गिऱ्हाईक आणि त्याची रोजावरची माणसे एकाच चौकटीत आलेले असे चित्र विरळाच. मॅकेंझी १८२१ मध्ये वारला आणि हिकी १८२४ मध्ये, मद्रासलाच. तेव्हा या चित्राच्या कॉपीराइटचे काय झाले? काहीच नाही. इंग्रजी कायद्यात कोरीवकामाच्या छापांना १७३५ पासून संरक्षण होते, पुढे शिल्पांनाही मिळाले; तैलचित्राला मात्र तेव्हा कसलाच कॉपीराइट नव्हता. चित्र ज्याच्या भिंतीवर, तो मालक.

कागदांचे मात्र झाले. मॅकेंझीच्या विधवेने सारा संग्रह कंपनीला विकला आणि कंपनीने त्याचे एक लाख रुपये मोजले. लिहिणाऱ्यांचा त्यात वाटा असावा का, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात येण्यासारखाही नव्हता. लक्ष्मय्याने पुढे अर्ज केला, की हे काम मला माहीत आहे, मला पुढे चालवू द्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने त्याला नकार दिला आणि काम रेव्हरंड विल्यम टेलरकडे गेले. संग्रह राहिला, तो ज्यांच्या हातून झाला ती माणसे बाहेर. तो अर्ज आणि तो नकार हे गिऱ्हाईक मेल्यावर कारागिराचे काय होते याचे मद्रासमधले एक जुने आणि बऱ्यापैकी स्वच्छ उदाहरण आहे.

पहिला हिंदुस्थानी कॉपीराइट कायदा १८४७ चा, कंपनी सरकारचाच. तो पुस्तकांपुरता होता: लेखकाचे आयुष्य आणि वर सात वर्षे, किंवा बेचाळीस वर्षे. चित्रे त्यात नव्हती. विलायतेत चित्रांना, रेखाटनांना आणि तेव्हा नव्यानेच आलेल्या फोटोंना १८६२ मध्ये कॉपीराइट मिळाला, पण मिळताना एक खुंटी मारली गेली. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या चित्राचा हक्क, चित्रकाराने लेखी राखून ठेवला नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा. आपल्या आजच्या कायद्यातली तरतूद याच वंशातली आहे. त्यामागचा विचार अगदीच वाईट नव्हता. एखाद्या बाईने पैसे देऊन फोटो काढून घ्यावा आणि फोटोग्राफरने तो दुकानाच्या काचेत लावून विकावा, हे बरे दिसत नाही. खासगीपणासाठी वेगळा कायदा नव्हता, म्हणून मालकीच देऊन टाकली.

दहा वर्षांनी, १८७२ मध्ये, आपला कराराचा कायदा आला, आणि त्यात आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग जवळपास जसाच्या तसा आहे. सदतिसावे कलम सांगते की वचन देणारा मेला तर त्याचे वचन वारसांना बांधते, करारातून उलट हेतू दिसत नसेल तर. खाली उदाहरण दिले आहे ते चित्रकाराचे: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या किमतीला चित्र काढून देण्याचे एकाने कबूल केले आणि त्याआधीच तो वारला. आता त्याचे वारसही करार रेटू शकत नाहीत आणि गिऱ्हाईकही नाही. कारण कुंचला वारसाहक्काने जात नाही. गिऱ्हाईक मेले तर मात्र तसे नाही. पैसे देणे ही काही अंगची कला नव्हे. ते वारसांनी त्याच्या मिळकतीतून द्यायचे आणि चित्र घ्यायचे. म्हणजे चित्रकाराच्या मरणाने करार मरतो, गिऱ्हाइकाच्या मरणाने नुसता हात बदलतो. ज्यांचे काम अर्धवट असताना गिऱ्हाईक गेले आणि ‘आता कोणाकडे मागू’ म्हणून जे गप्प बसले, त्यांनी हे कलम वाचायला हवे होते.

पुन्हा मद्रासकडे. टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी देशस्थ, जन्म १८२८, कुंभकोणम. त्रावणकोरची दिवाणगिरी केली, मग इंदूरची, मग बडोद्याची. चित्रकार रवी वर्म्याला बडोद्याच्या दरबाराकडे नेणारे हेच. रवी वर्म्याचे मद्रासशी नाते त्याआधीचे: १८७३ च्या प्रदर्शनात त्याला गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले होते, आणि पुढे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे तैलचित्रही त्याने काढले. गव्हर्नरांचे शहराबाहेरचे निवासस्थान तेव्हा गिंडीत होते. पुढे राजभवन झाले ते हेच.

माधवरावांनी रवी वर्म्याला पत्रातून एक सल्ला दिला: एवढी मागणी एकट्या हाताने पुरी होणार नाही, निवडक चित्रे युरोपला पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घे. दिवाण माणूस, हिशेब पक्का. चित्र एकदाच विकता येते, छापायचा हक्क हजारदा विकता येतो, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकाशिवाय कळले होते. बडोद्यासाठी काढलेली पौराणिक चित्रे दरबारात पोचण्याआधी मुंबईत लोकांना दाखवली गेली आणि बघायला झुंबड उडाली. १८९४ मध्ये रवी वर्म्याने छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या तोंडावर धंदा अंगाशी आला तेव्हा त्याने तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, यंत्रांसह आणि चित्रांच्या प्रती छापायच्या हक्कांसह. राजे-महाराजांच्या भिंतींवरच्या मूळ चित्रांचे मालक वेगळे आणि घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीचे मालक वेगळे, ही फारकत मराठी मुलखातच पहिल्यांदा ठळक झाली. रवी वर्मा १९०६ मध्ये गेला, त्याचे गिऱ्हाईक बडोद्याचे महाराज सयाजीराव १९३९ मध्ये. तसबिरी छापल्या जातच होत्या.

मग १९११ चा ब्रिटिश कायदा आला आणि १९१४ मध्ये तो थोड्या फेरफाराने हिंदुस्थानात लागू झाला. कोरीवकाम, फोटो किंवा पोर्ट्रेट मोबदला देऊन करवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक ऑर्डर देणारा. १८६२ ची खुंटी पुन्हा, जरा आखूड करून. याच कायद्याने लेखक-कलावंतांच्या वारसांसाठी एक चांगली सोयही केली होती: निर्मात्याने हयातीत हक्क विकून टाकला असला तरी त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी तो वारसांकडे परत येई. पण ही सोय निर्माता स्वतः पहिला मालक असेल तरच. पोर्ट्रेटवाल्याला ती नाही, कारण त्याचा हक्क मुळात त्याच्याकडे आलेलाच नसे. १९५७ मध्ये आपला कायदा झाला तेव्हा ही सोय गेली, खुंटी राहिली.

१९११ च्या त्या यादीत शिल्प नाही, आणि हे सहज वाचून पुढे जाण्यासारखे नाही. पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे. स्मारकाचा पुढाकार राजर्षी शाहू महाराजांचा. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली, १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले, आणि पुतळ्याचे अनावरण झाले ते १९२८ मध्ये. काम थांबले नाही, कारण गादी होती, राजाराम महाराज होते. ज्या गिऱ्हाइकाला गादी असते त्याच्या मरणाने काम अडत नाही. सामान्य माणसाच्या मरणाने अडते. पुतळा सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांचा. आता कायदा लावून पाहू. शिल्प यादीत नाही, म्हणून लेखी उलट काही ठरले नसेल तर पहिला हक्क करमरकरांचा, ऑर्डर कोणाचीही असो. करमरकर १९६७ मध्ये वारले. म्हणजे साठ वर्षे धरून हक्क २०२७ च्या अखेरपर्यंत, आणि तो त्यांच्या वारसांचा. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढायला किंवा चित्र काढायला कायदा मुभा देतो, तेव्हा पर्यटकांनी घाबरायचे कारण नाही. त्याची घडीव प्रतिकृती करून विकणे ही वेगळी गोष्ट.

समजा करमरकरांनी शाहू महाराजांसाठी शिल्पाऐवजी पोर्ट्रेट केले असते. तर तोच पैसा, तोच कलावंत, आणि हक्क उलट्या बाजूला गेला असता. माती आणि रंग यांत एवढा फरक कायद्याने का करावा याचे पटेल असे उत्तर मला तरी कुठे दिसलेले नाही.

१९५७ च्या कायद्याचे सतरावे कलम आज ही सगळी वंशावळ वाहते. मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, कोरीवकाम आणि सिनेमा यांचा पहिला मालक काम देणारा. नोकरीत केलेल्या कामाचा मालक धनी. बाकी सगळ्याचा, म्हणजे कंत्राटावर लिहून दिलेल्या मजकुराचा, चालीचा, शिल्पाचा, मालक तो निर्माण करणारा. गिऱ्हाइकाला हवा असेल तर त्याने लेखी लिहून घ्यावा. ‘सिनेमा’ हा शब्द १९११ च्या यादीत नव्हता. तो या कलमात आला आणि मद्रास-मुंबईच्या चित्रपटसृष्टीवर त्याची सावली पडली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून सांगितले, की निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्या-संगीताचा हक्क, उलट करार नसेल तर, निर्मात्याचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कलावंतांच्या बाजूने हळहळ व्यक्त करणारी पुस्ती जोडली, पण निकाल तोच. निर्माता वारला की हे हक्क त्याच्या मुलांकडे जात, आणि तिकडून ज्याने पैसे मोजले त्याच्याकडे. चाल बांधणारा हयात असून बाहेर. २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमात वापरलेल्या लेखन-संगीताला या तावडीतून सोडवले. फोटोग्राफर आणि चित्रकार यांना कोणी सोडवले नाही. ज्या ब्रिटनकडून आपण हे कलम उचलले, त्याने १९८८ च्या कायद्यात ते टाकून दिले आणि घरगुती फोटोंसाठी खासगीपणाचा वेगळा हक्क लिहिला. आपण जुनेच नेसून आहोत.

आता पगडीवाल्या आजोबांकडे. चित्र त्यांनी पैसे देऊन करवून घेतले, कागद काही नाही, म्हणून कॉपीराइट त्यांचा. ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी ‘दिवाणखान्यातले माझे चित्र धाकट्या मुलीला’ एवढेच लिहिले असेल आणि ते चित्र त्यांच्या हयातीत कुठे प्रसिद्ध झाले नसेल, तर विसावे कलम म्हणते की चित्राबरोबर कॉपीराइटही तिलाच गेला, उलट हेतू लिहिला नसेल तर. चित्र प्रसिद्ध झालेले असेल तर ही सोय लागत नाही. तेव्हा चित्र मुलीचे, पण कॉपीराइटची सोय मृत्युपत्रात दुसरीकडे कुठे नसेल तर तो साऱ्या वारसांचा. मृत्युपत्रच नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर तीही, सगळे वाटेकरी. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी ते चित्र द्यायचे तर साऱ्यांच्या सह्या. प्रत्यक्षात असे कोणी करत नाही, कारण आपल्याकडे असा काही हक्क आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

आणि मुदत? ती मालकाच्या मरणावर मोजली जात नाही. ती मोजायची चित्रकाराच्या मृत्यूपासून, साठ वर्षे. ही साठही १९९२ मध्ये झाली. त्याआधी पन्नास होती, आणि रवींद्रनाथांचा हक्क १९९१ अखेर संपत आला तेव्हा वाढवली गेली. फोटोंची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजत, २०१२ पासून फोटोग्राफरच्या मृत्यूपासून. म्हणजे हक्क आजोबांच्या नातवंडांकडे आणि त्याचे आयुष्य टांगलेले गल्लीतल्या फोटोग्राफरच्या आयुष्याला, ज्याचा दुकान बंद झाल्यावर पत्ताही राहिलेला नाही. शिवाय चित्राची मोडतोड झाली तर तक्रार करण्याचा नैतिक हक्क गिऱ्हाइकाकडे कधीच जात नाही. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाबाबत अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा समोर गिऱ्हाईक म्हणून खुद्द भारत सरकार होते.

गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ ची. तिथल्यासारख्या छोट्या कारखान्याच्या मालकाने, प्रोप्रायटरने, एखाद्याकडून माहितीपत्रक लिहून घेतले, बोधचिन्ह करून घेतले, वेबसाइट बनवून घेतली, असे धरा. यातले फोटो सोडले तर एकही गोष्ट सतराव्या कलमाच्या यादीत सरळ बसत नाही. म्हणजे लेखी नसेल तर हक्क कारागिराचाच, मालकाला फक्त वापरायची परवानगी. लेखी आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नाही तर भारतापुरता. मालक वारला की प्रोप्रायटरी फर्मही कायद्याने तिथेच संपते. कंपनी असती तर राहिली असती. मुलाने धंदा चालवायला घेतला आणि सहाव्या वर्षी बोधचिन्ह बदलून वापरले, तर हक्क कोणाचा हे वडिलांच्या टेबलाच्या खणातला एक कागद ठरवणार.

घरात पैसे देऊन काढून घेतलेले जुने चित्र किंवा स्टुडिओतला फोटो असेल, तर मागे चित्रकाराची सही, स्टुडिओचा शिक्का, वर्ष काय आहे ते आजच पाहून ठेवा, आणि पैसे दिल्याची पावती सापडली तर फेकू नका. नवीन काम देत असाल तर हक्क कोणाचा, किती वर्षांचा आणि देणारा वारल्यास कोणाचा, या तीन ओळी बिलावरच लिहून दोघांनी सह्या करा. त्यासाठी वकील लागत नाही, आणि गिंडीलाही जावे लागत नाही.